लग्नपत्रिकांच्या मधोमध विजूदा

विजूदा काल गेला, आणि हार घालायला त्याचा एक धड फोटो घरात सापडेना.

अर्ध्या कोल्हापूरची लग्नं शूट केलेला माणूस. अल्बमवर अल्बम काढले. वहिनी आहेत, पोरं आहेत, मेहुणेमंडळी आहेत. हा कुठंच नाही, कारण कॅमेरा कायम ह्याच्याच हातात.

शेवटी आधार कार्ड काढलं.

वहिनींनी बघितलं आणि म्हणाल्या, "हा कोण?"

मग माझ्याकडं वळल्या. "शुभे, तू त्यांच्यासंगं पिक्चर केलास. तुझ्याकडं काहीतरी असंल की."

घरी येऊन हार्ड डिस्क लावली. होतं. पण जे होतं ते कसं दाखवू, हाच प्रश्न पडला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचं कागलकडं गुऱ्हाळ होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, ते कायमचं बंद करणार म्हणाले, तेव्हा त्या शेवटच्या सीझनवर मी शॉर्ट फिल्म करायला घेतली. डिजिटलवर नाही, खऱ्या फिल्मवर. हौस माझी, कॅमेरामन विजूदा.

शेवटचा शॉट आधीच ठरलेला. अख्खं गुऱ्हाळ, रस उकळणाऱ्या काहिलीची वाफ, आणि तिथून झूम करत करत आप्पांच्या डोळ्यांपर्यंत. मध्ये कट नाही. रीळ मोजकंच, त्यामुळं चुकलं की गेलं.

मुंबईहून दोन झूम लेन्स भाड्यानं मागवल्या. एक नवीकोरी, नेटवर जिच्या शार्पनेसचं कौतुक संपत नव्हतं. दुसरी जुनी, वरवंट्यासारखी जड.

मी म्हणाले, नवी लावू.

विजूदा म्हणाला, "आधी टेस्ट."

त्याची टेस्ट म्हणजे लग्नपत्रिका. शूट केलेल्या प्रत्येक लग्नाची पत्रिका हा जपून ठेवायचा. शाहूपुरीतल्या स्टुडिओच्या भिंतीवर त्या चिकटवायच्या, फ्रेमचे चारी कोपरे धरून, आणि मध्ये एक माणूस उभा करायचा.

"नवरा-नवरीचं नाव कुठल्याबी लेन्समधनं वाचता येतंय. कोपऱ्यातली किलबिल वाचता आली पायजे."

किलबिल म्हणजे पत्रिकेच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात छापलेली बारक्या पोरांची नावं.

नव्या लेन्सच्या वेळी कॅमेऱ्यावर मी आणि भिंतीपुढं तो. जुनीच्या वेळी उलटं.

मी आयपीसला डोळा लावला. सगळं लखलखीत. पिंकी, सोन्या, चिनू, सगळी पोरं हजर.

"झालं की मग," मी म्हणाले.

"आयपीस केवढंसं असतंय. त्यात समदंच चांगलं दिसतंय. फिल्म धुऊन येऊ दे."

म्हणजे रीळ मुंबईच्या लॅबला जाणार, धुऊन, स्कॅन होऊन येणार. इकडं शेवटचा ऊस तुटायला लागलेला. आप्पांचा रोज फोन.

"काय गं, त्या काचंची परीक्षा झाली का न्हाय? ऊस वाट बघत बसत न्हाय."

माझं डोकं फिरलं. विजूदाला म्हणाले, गुऱ्हाळ बंद झालं तर काय तुझ्या पत्रिका शूट करू?

तो चिडला नाही. म्हणाला, "घाईनं घेतलास आणि आप्पाच धूसर आलं, तर मग काय करशील?"



टेस्ट आली. मोठ्या स्क्रीनवर लावली. नवी लेन्स लांबून भलती धारदार. पण झूम चेहऱ्याजवळ पोचला की फोकस गुपचूप घसरत होता. जुनी तेवढी शार्प नव्हती, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत जागची हलली नाही.

"धार थोडी कमी असू दे," विजूदा म्हणाला. "जवळ गेल्यावर दगा देणारी नको."

जुनी लावली. ऊस संपता संपता शॉट मिळाला. आप्पांच्या पापणीवरचा घाम दिसतो त्यात. गुऱ्हाळ आता नाही, पण आप्पा तो शॉट अजून लावायला सांगतात.

तर माझ्याकडं विजूदाचं जे आहे, ते हे. नापास झालेल्या लेन्सची टेस्ट.

चौकड्यांचा शर्ट घालून तो लग्नपत्रिकांच्या मधोमध उभा आहे. मला काहीतरी सूचना देतोय, आवाज नाही. झूम पुढं सरकतो. मी काय गोंधळ घातला होता आठवत नाही, पण तो हसायला लागतो.

आणि ऐन हसण्यावर धूसर होतो.

किती वेळा लावून बघितलं. सॉफ्टवेअरनं शार्प करून बघितलं, तर भलताच माणूस दिसायला लागला. सोडून दिलं.

रागही आला, खोटं कशाला बोलू. टेस्ट केल्याशिवाय लेन्सला हात न लावणारा हा माणूस, छातीत दुखतंय म्हणून डॉक्टरकडं जा म्हटलं तर "ॲसिडिटी हाय" म्हणत राहिला. मला अजून त्याच्याशी भांडायचं आहे.

आज सकाळी वहिनींना मोबाईलवर दोन फ्रेम दाखवल्या. एक लांबची. किलबिलीसकट सगळं शार्प, पण विजूदा तोंड पाडून उभा, वर्गाबाहेर काढल्यासारखा. दुसरी जवळची.

"वहिनी, ही जवळची आउट आहे, फोकस गेलाय. तो असता तर वापरू दिली नसती."

वहिनींनी मोबाईल जवळ धरला, लांब धरला.

मग म्हणाल्या, "आउट-बिउट मला न्हाय कळत. हसताना गदागदा हलायचे ते. असेच दिसायचे. हीच दे."

मोठी प्रिंट करून आत्ताच देऊन आले.

उद्या रक्षाविसर्जन. आप्पाही येणार आहेत. तुझ्या टेस्टमध्ये नापास झालेल्या फ्रेमला आम्ही सगळे भरल्या डोळ्यांनी हात जोडणार आहोत.

तू शिव्या घालशील, माहीत आहे.

घाल की, विजूदा. ऐकते मी.