बालामणी सिस्टरांचे अकरा प्रश्न

फोन वॉर्डातल्या नर्सचा, प्रियांकाचा होता. मी ऑपरेशन थिएटरात होते, पोटाची शस्त्रक्रिया चालू होती, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरला रुग्णाच्या उशापासून हलता येत नाही. तिथल्या नर्सनं फोन माझ्या कानाला धरला. "मॅडम, अक्का गेल्या," एवढंच प्रियांका म्हणाली. मी "बरं" म्हटलं. पुढचा दीड तास यंत्रावरचे आकडे बघत राहिले, औषधं देत राहिले, सर्जननी विचारलेल्याला उत्तरं देत राहिले. रुग्ण शुद्धीवर आला, त्यानं आपलं नाव नीट सांगितलं, आणि मग मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बाकावर बसले. रडू आलं नाही. रडून मोकळं व्हायचा हक्क आपल्याला आहे का, हेच कळेना... त्याला आता पाच आठवडे झाले. अजून कळलेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

अक्का म्हणजे बालामणी सिस्टर, सोलापुरातल्या आमच्या धर्मादाय इस्पितळाच्या मेट्रन. सगळ्या नर्स त्यांना अक्का म्हणत, आम्ही डॉक्टर मंडळी सिस्टर म्हणायचो. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरात जन्मलेल्या. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि अक्कलकोटकडून येणाऱ्या रुग्णांशी बोलण्यापुरतं कन्नड त्यांनी वॉर्डातच उचललेलं. दख्खनी उर्दू बोलणाऱ्या बायकांशी तर अशा गप्पा मारत की नवख्याला वाटावं, ह्या त्यांच्याच गल्लीतल्या. अंगानं किडकिडीत, चालणं झपाट्याचं, आवाज मात्र कधी चढलेला मी ऐकला नाही. मी या इस्पितळात नवी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला वॉर्डात थांबवलं होतं. एका रुग्णाला उद्या भूल द्यायची म्हणून मी केसपेपर चाळून निघाले होते. "डॉक्टर, वरचं तांबडं वाचलात का?" त्यांनी विचारलं. केसपेपरच्या पहिल्या पानावर, नावाच्याही वर, तांबड्या शाईत एका औषधाचं नाव लिहिलेलं होतं. ते औषध त्या माणसाला सोसत नव्हतं, आणि नेमकं तेच मी उद्यासाठी लिहून ठेवलं होतं. त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. मीही नाही.

चार वर्षांपूर्वी विश्वस्तांनी ठरवलं की इस्पितळाचा सगळा कारभार संगणकावर न्यायचा. नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, औषधं, बिलं, सगळं एकाच प्रणालीत. तशी गरज होतीच. जुने केसपेपर तळघरात ओल लागून चिकटत चालले होते, एकेक अहवाल शोधायला अर्धा अर्धा दिवस जाई. निवडीसाठी पाच जणांची समिती नेमली आणि मला तिची सचिव केलं. सिस्टर समितीत नव्हत्या. प्रात्यक्षिकांना त्यांना बोलावलं जाई, त्या मागच्या खुर्चीवर बसत, पण मत आम्हा पाच जणांचंच. बऱ्याच कंपन्या येऊन गेल्या आणि शेवटी दोनच उरल्या. एक मोठ्या शहरातली, देखणी. तिचा माणूस बोलायला गोड, पडद्यावर रंगीत आलेख, मोबाइलवर अहवाल. दुसरी साधी, जवळजवळ रुक्ष. ती बार्शीच्या एका इस्पितळात चालू होती एवढीच तिची ओळख.

सिस्टर आपल्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी एसटीनं बार्शीला गेल्या. त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. तिथल्या मेट्रनशी ओळख काढून त्या दुपारपर्यंत नर्सच्या टेबलाशेजारी उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "डॉक्टर, मी काय बघितलं सांगू? पोरी पडद्याकडं किती वेळा बघायल्यात आणि पेशंटकडं किती वेळा, ते मोजत होते." मी हसले. त्यांनी वहीचं एक पान पुढं केलं. त्यावर त्यांच्या गोल अक्षरात अकरा प्रश्न होते. वीज गेली तर चालू औषधांची यादी कुठं मिळणार? एकाच नावाच्या दोन बायका एकाच वॉर्डात असल्या तर पडदा इशारा देईल का? नर्सला चूक लक्षात आली तर दुरुस्ती करता येते का, की डॉक्टर येईपर्यंत चुकीचंच चालायचं? चौथा प्रश्न असा होता: डॉक्टर इंजेक्शन लिहितील आणि नर्स ते द्यायला घेईल, त्या वेळी पेशंटला काय सोसत नाही हे त्याच पडद्यावर, न शोधता दिसेल का?

"समितीत वाचा की हे," त्या म्हणाल्या. "दोन्ही कंपन्यांना विचारा."

मी वाचेन म्हटलं आणि ते पान फाइलीत ठेवलं. समितीची बैठक झाली तेव्हा फाइल माझ्या हाताखाली होती. मी ते पान बाहेर काढलं नाही. का नाही काढलं? मुद्दाम दडवलं असं म्हणता येत नाही, विसरले असंही म्हणता येत नाही. खरं कारण लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. त्या देखण्या प्रणालीत भूलतज्ज्ञांसाठी एक सुंदर तक्ता होता. रुग्णाची नाडी, रक्तदाब, प्राणवायू, सगळं आपोआप त्यावर उमटत जाई. इतकी वर्षं मी ते पाच-पाच मिनिटांनी हातानं लिहीत आले होते. तो तक्ता पाहिला त्याच दिवशी माझं मन ठरलं होतं. त्या अकरा प्रश्नांनी बैठक लांबली असती, कदाचित निर्णय फिरला असता. गुणांचा तक्ता मीच तयार केला होता. शंभरपैकी नर्सिंगच्या सोयीला मी पाच गुण ठेवले होते... पाच. वॉर्डात चोवीस तास नर्सच असतात हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे?

देखणी प्रणाली घ्यायचा निर्णय एकमतानं झाला. सिस्टरांनी एकदाच विचारलं, "चौथ्याचं काय म्हणाले ते?" मी म्हटलं, "करून देतील म्हणाले." कंपनीचा माणूस एका प्रात्यक्षिकात कुठल्याशा वेगळ्याच शंकेवर तसं म्हणाला होता. त्यांनी मान हलवली आणि मुलींना शिकवायला लागल्या. जी गोष्ट त्यांना पटली नव्हती तीच त्यांनी जीव लावून शिकवली. जुन्या केसपेपरांवरची तांबडी नोंद नव्या प्रणालीत भरायचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं. पण ती नोंद जाऊन बसली तिसऱ्या पानावर, 'पूर्वेतिहास' नावाच्या खणात. बघायचं म्हटलं तर दिसे. न बघता दिसत नसे.

आठ महिन्यांनी नरसम्मा आल्या. पूर्व भागातल्याच, विड्या वळणाऱ्या, पन्नाशीच्या. जिन्यावरून पडून मनगट मोडलं होतं आणि वेदनेनं त्या कळवळत होत्या. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी दुखणं थांबवायचं नेहमीचं इंजेक्शन लिहिलं, ते पडद्यावर आलं, आणि प्रियांकानं दिलं. प्रियांका माळशिरसची, नोकरीत दुसरंच वर्ष. "पूर्वी कुठल्या औषधाचा त्रास झाला होता का?" असं तिनं मराठीत विचारलं. नरसम्मा तेलुगूत काहीतरी बोलल्या. प्रियांकाला वाटलं हाताबद्दल बोलतायत. पाच मिनिटांत त्यांचा श्वास कोंडला. मला बोलावलं तेव्हा मी वरच्याच मजल्यावर होते. धावत गेले, नळी घातली. जीव वाचला, पण त्याआधी मेंदूला प्राणवायू कमी पडायचा तो पडला होता. बारा वर्षांपूर्वी याच इस्पितळात, याच इंजेक्शनानं त्यांना असाच त्रास झाला होता. तिसऱ्या पानावर तशी नोंद होती. नरसम्मा आज चालतात, बोलतात, माणसं ओळखतात. पण हातात काही धरायला गेलं की हातांना झटके येतात. विडीचं पान आता त्यांच्या बोटांत टिकत नाही.

चौकशी झाली. तिच्यातही मी होते. अहवालात एक वाक्य आहे, ते माझं आहे: 'सदर माहिती प्रणालीत उपलब्ध होती.' शब्दन्‌शब्द खरं वाक्य. खऱ्या वाक्याच्या आड माणसाला किती आरामात बसता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. माहिती उपलब्ध होती, म्हणजे बघणाऱ्यानं बघितली नाही, म्हणजे प्रियांका. इंजेक्शन लिहिणाऱ्या डॉक्टरांचं नाव कुणी घेतलं नाही. प्रियांकाला काढून टाकायचं जवळजवळ ठरलं होतं. तेव्हा सिस्टर आत आल्या. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "पोरीचं नाव काढा. शिकवायचं काम माझं होतं. माझं नाव लिहा." संचालक म्हणाले, "सिस्टर, तुमची निवृत्ती जवळ आली आहे, विचार करा." त्या म्हणाल्या, "म्हणूनच म्हणायलेय की. तिची अजून सगळी नोकरी व्हायचीय." आणि मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. टेबलावर तीच फाइल होती, ते पान आत होतं, हे आम्हा दोघींनाच माहीत होतं. मी खाली बघून लिहीत राहिले. त्यांच्या नावावर ठपका लागला, त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि निरोप समारंभ नको म्हणून कळवलं. त्यानंतर पंधरा दिवसांत कंपनीनं ती सूचना पहिल्या पानावर आणून दिली. तांबड्या अक्षरात. पंधरा दिवसांचं काम होतं ते.

त्यानंतर त्यांच्या घरी जायचं मी रोज ठरवायचे आणि रोज पुढं ढकलायचे. शेवटी गेले ते त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग आहे असं कळल्यावर. त्यांच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट चालू होता, त्यामुळं जवळ सरकून बसावं लागलं. अंग अगदी वाळून गेलं होतं. मी सगळं सांगितलं. पान वाचलं नाही ते, पाच गुणांचं, 'करून देतील म्हणाले' ते. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"मला ठाऊक होतं की," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही बोलला का नाहीत, सिस्टर?"

"मला वाटायचं, तुम्ही बोलाल." त्या म्हणाल्या, "चौकशीत वाटलं. मग निवृत्तीचा अर्ज देताना वाटलं. नंतर मग वाट बघायची सोडली."

त्यात राग नव्हता. राग असता तर मला तो घेऊन घरी तरी जाता आलं असतं. मी माफी मागितली. त्यांनी माझा हात बाजूला केला, हळूच, पण केला. "मला सांगून काय करणार डॉक्टर? मी तर चाललेय. नरसम्माला सांगा. आणि जिथं तो अहवाल ठेवलाय, तिथं सांगा." एवढं बोलून त्यांना धाप लागली. त्यांच्या सुनेनं मला चहा दिला, तो मी घेतला, आणि निघाले. त्यानंतर अकराव्या दिवशी प्रियांकाचा फोन आला. त्या जिवंत असताना मी दोन्हींपैकी एकही काम केलं नाही. धीर गोळा करत होते, असं स्वतःला सांगत होते...

सिस्टरांचे दिवस झाल्यावर मी प्रियांकाला बरोबर घेऊन नरसम्मांकडं गेले. ओळीनं सगळं सांगितलं. त्यांच्या मुलीनं ते तेलुगूत त्यांना सांगितलं. नरसम्मा प्रियांकाकडंच बघत होत्या. मग मुलीला काहीतरी म्हणाल्या. मुलीनं मला विचारलं, "आई म्हणायलीय, मग तवा दवाखान्यानं आमाला सांगितलं, तुमी औषधाचं बोलला न्हाई म्हणून झालं, ते काय होतं? आई तर बोलली होती की." ते खोटं होतं, असं मी म्हटलं. नरसम्मांनी मान हलवली. माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मी विचारलंही नाही.

विश्वस्तांना मी लेखी कळवलं आहे, सोबत त्या पानाची प्रत जोडली आहे. अहवाल दुरुस्त करावा, सिस्टरांच्या नावावरचा ठपका काढावा, नरसम्मांची जबाबदारी इस्पितळानं घ्यावी, असं लिहिलं आहे. एका विश्वस्तांनी फोन करून विचारलं, "बाई गेल्या, आता जुनं कशाला उकरताय?" लेखी उत्तर अजून आलेलं नाही. मधल्या काळात कंपनीचा करार संपत आला आहे आणि नवी प्रणाली निवडायला नवी समिती नेमायची म्हणतात. तिच्यात मला घेऊ नका, वॉर्डातल्या तीन नर्सना घ्या, असंही मी त्याच पत्रात लिहिलं.

परवा नव्या मेट्रनकडं काही कामानं गेले होते. त्यांनी खोलीला रंग दिलाय, पडदे बदललेत, कपाट हलवलंय. टेबल मात्र बालामणी सिस्टरांनी ठेवलं होतं तसंच, खिडकीकडं पाठ आणि दाराकडं तोंड. सोलापूरच्या उन्हाळ्यात ती खिडकी पाठ भाजून काढते. मी म्हटलं, "टेबल फिरवून का नाही घेतलंत?" त्या म्हणाल्या, "फिरवून बघितलं की दोन दिवस. मग वॉर्ड दिसेना." दारातून खरंच सगळा वॉर्ड दिसत होता, शेवटच्या खाटेपर्यंत. त्या मला "बसा ना, मॅडम" म्हणाल्या. टेबलाच्या अलीकडं डॉक्टरांसाठी एक खुर्ची असते. तिच्यात बसलं की वॉर्डाकडं पाठ होते. इतकी वर्षं मी तिच्यातच बसत आले होते. मी उभीच राहिले.