आबांची ‘ऐकला’ चिठ्ठी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

आधी थोडी फुशारकी मारून घेतो, जित्याची खोड. इंजिन नसलेलं विमान, म्हणजे ग्लायडर, उडवणारा चिखलीतला मी एकटाच. नोकरी जर्मनीत, सुट्टीच्या दिवशी तिथल्या डोंगरांवर पाच-पाच तास नुसत्या हवेवर तरंगलोय. गावी गेलो की स्टँडवरचा रसवंतीवाला विचारतो, “इंजिन नाही तं पडत काऊन नाही, भाऊ?” मला ते फार आवडतं. खोटं कशाला बोलू?

त्याहून जास्त अभिमान आबांचा, माझ्या वडिलांचा. चिखलीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. सेट दुरुस्त झाला तरी ते लगेच देत नाहीत. शेजारच्या शिंप्याला हाक मारतात, त्याच्या कानाला लावतात. त्यानं मान हलवली की मगच मागे चिठ्ठी चिकटते — ‘ऐकला’. “आपला सेट आपल्याले चांगलाच ऐकू येते बे,” ते म्हणतात, “दुसऱ्याले इचारा लागते.” मी या दुकानात वाढलो. आणि तरीही —

थांबा, आधी डब्याचं सांगतो. ग्लायडरमध्ये एक छोटा डबा असतो. तो रेडिओवरून ‘मी इथं आहे’ असं सांगत राहतो. जवळच्या ग्लायडरमधला डबा ते ऐकतो आणि धडक होणार असेल तर ओरडतो. पण कुठल्या लहरींवर बोलायचं, हे प्रत्येक ठिकाणचे नियम ठरवतात. अमेरिकेसाठी मान्य झालेला डबा जर्मनीत बोलत राहतो, पण त्याचं ऐकायला तिथं कुणीच नसतं. म्हणून तो वापरायला बंदी.

एके दिवशी जर्मनीतल्या आमच्या क्लबच्या ग्लायडरमधला डबा दुरुस्तीला गेला होता. मी माझा बसवला — अमेरिकेत कामाला होतो तेव्हा घेतलेला. शेजारी क्लारा उभी होती, नुकतंच एकटीनं उडायला लागलेली कॉलेजातली पोरगी. ती म्हणाली, तुमचा आणि माझ्या ग्लायडरमधला, दोन्ही डबे शेजारी ठेवून बघू या का, एकमेकांना ऐकू येतात का?

म्हणजे आबांचीच रीत, नाही का? आणि मी हसलो. रेडिओवाल्याचा मुलगा, वर इंजिनिअर — मला हिनं शिकवायचं? क्लबच्या वहीत ऐटीत लिहिलं, ‘इथल्या नियमाप्रमाणे मान्य. तपासला.’ खाली सही ठोकली.

वर एका ढगाखाली मी आणि क्लारा आपापल्या ग्लायडरमध्ये गिरक्या घेत होतो. एकदम तिचा पंख माझ्या काचेशेजारी आला — इतका जवळ, की तिच्या टोपीवरचं लाल बटण दिसलं. मी ग्लायडरचं नाक खाली दाबून निसटलो. त्या क्षणी माझा हात चुकला नाही, याचा मला आजही अभिमान आहे. काय करू, आहे. डबे मात्र दोन्ही गप्प होते.

उतरलो, गाडीत बसलो आणि डब्याचा कागद पहिल्यांदा वाचला. दुसऱ्याच ओळीत होतं — मान्यता फक्त अमेरिकेपुरती. मी कागद घडी करून खिशात घातला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

चौकशीत कुणी माझ्या डब्याकडे बघितलंही नाही. माझी सही होती ना! संशय तिच्या जुन्या डब्यावर गेला. वर तिचं लक्षच नव्हतं, असं ठरलं. डबा तपासून येईपर्यंत तिचं उडणं बंद. ती रडली नाही, फक्त माझ्याकडे येऊन ‘सॉरी’ म्हणाली. मी तिच्या खांद्यावर थोपटलं — मोठ्या मनानं! काही महिन्यांनी तिचा डबा परत आला, काहीही दोष नाही म्हणून. तोवर ती क्लब सोडून गेली होती. आणि मी बोललो? एक शब्द नाही.

चिखलीत माझा सत्कार झाला, शाल-श्रीफळ. मी तोच किस्सा रंगवून सांगितला: पोरगी चुकली, मी वाचवलं. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर आबांनी एकच विचारलं, “तुह्या डब्याचं तिच्या डब्याले ऐकू येऊन राह्यलं होतं ना बे?”

मी म्हणालो, “हाव, आबा.”

सत्कारात दाखवायला आणलेला डबा त्यांनी मागून घेतला. ‘ऐकला’ अशी चिठ्ठी लिहिली, मागे चिकटवली आणि डबा दुकानातल्या वरच्या फळीवर ठेवला. अजून तिथंच आहे. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते तो खाली काढून दाखवतात, चिठ्ठीसकट. शिंप्याला न विचारता त्यांनी पास केलेला तो एकच सेट.