दिनूकाकांच्या दुकानातली छोटी पिस्तुलं

शिंप्याकडे चिंध्या साठतात, तसे आमच्याकडे किस्से साठायचे. पालघरला दिनूकाकांचं शस्त्रांचं दुकान होतं आणि मी तिथे सोळा वर्षं काउंटरला होते. रजिस्टर लिहायचं, लायसन्सच्या झेरॉक्स फायलीला लावायच्या, चहा सांगायचा. बंदुकीचं दुकान म्हटलं की लोकांना वाटतं, तिथे काय धडाडधूम चालत असेल! अहो, आठवड्याला तीन गिऱ्हाइकं यायची. त्यातलं एक तहसील ऑफिसचा पत्ता विचारायला.

पण जी यायची ती दोन-दोन तास बसायची. माझा अनुभव सांगते, लपवायची वस्तू घ्यायला आलेला माणूस बाकी काहीच लपवत नाही. सगळं सांगून मोकळा होतो.

आणि प्रत्येकाचं मागणं एकच. "काका, बारीक दाखवा. शर्टाखाली दिसायला नको. आणि झटका कमी पाहिजे!"

दिनूकाका चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "दोन्ही पाहिजे असेल तर शिट्टी घ्या."

काका गेले त्याला आता दोन वर्षं होतील. दुकान बंद झालं. भेटायला आलेला प्रत्येक जण एकेक किस्सा सांगून गेला. काही माझ्या समोरचेच होते. ते तेवढे सांगते.

* * *

बोईसरच्या एमआयडीसीत पाइपलाइनची कामं घेणारे एक राऊतशेठ होते. धिप्पाड माणूस, पंजा तव्याएवढा. कुणीतरी फोनवरून धमक्या देत होतं, म्हणून त्यांनी लायसन्स काढलेलं. त्यांनी सरळ सगळ्यात लहान रिव्हॉल्व्हरवर बोट ठेवलं.

काकांनी शेजारी मोठं पिस्तूल ठेवलं. "शेठ, दोन्ही बत्तीस बोअर. गोळी मारताना जोर साधारण तेवढाच. मोठ्याचं वजन तो जोर खातं. छोट्याला खायला अंगच नाही, मग ते तुमच्या हाताला चावतं."

शेठना पटेना. मग काका त्यांना नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेले, मी कागदपत्रं धरायला बरोबर. त्या छोट्या मुठीवर शेठची दोनच बोटं मावत होती, करंगळी खाली लोंबकळत होती. बार काढला आणि हात असा उडाला की बस!

"काका, समोरच्याला लागलं की नाही माहीत नाही, मला लागलं!"

आम्ही सगळे हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी मोठं पिस्तूल शेठच्या हातात दिलं आणि नळीच्या टोकाकडे बघत राहिले. शेठनी अजून चापाला बोटही लावलं नव्हतं.

"शेठ," काका हळूच म्हणाले, "झटका गोळी सुटल्यावर लागतो. तुमचा हात आधीच हलतोय."

शेठ म्हणाले, टेन्शनमुळे. काका म्हणाले, डॉक्टरला दाखवा.

तीन वर्षांनी शेठ लायसन्स रद्द करायचा अर्ज लिहून घ्यायला आले. शर्टाची बटणं बायकोने लावून दिलेली. सहीच्या जागी पेन टेकवलं तर कागदभर रेघोट्या. कंपवात. मी कागद धरून ठेवला, तेव्हा कुठे सही झाली.

जाताना म्हणाले, "डॉक्टरांच्या आधी काकांनी ओळखलं. फी घ्यायची राहिली त्यांची!"

* * *

चिंचणीचे एक आप्पा होते, चिकूच्या वाडीवाले. सत्तरीचे. लेंगा आणि सदरा, दुसरा पोशाख आयुष्यात नाही. आता लेंग्याला पिस्तूल लावायचं कुठे? नाडीत खोसलं आणि दोन पावलं चालले तर लेंगा पिस्तुलासकट खाली यायला लागला! एका हाताने लेंगा, एका हाताने पिस्तूल धरून आप्पा उभे. मी भिंतीकडे तोंड केलं.

शेवटी सदऱ्याला आतून खिसा शिवला. आठ दिवसांत अख्ख्या गावाला माहीत. कोळीण मासळी देताना विचारायची, "आप्पा, आज डाव्या अंगाला नाय झुकलाव? इसरलाव का?"

काका त्यांना म्हणाले, "आप्पा, लपवायचं म्हणून एवढं बारीक घेतलंत, आणि गावभर झालं!"

आप्पा सदरा सावरत निघून गेले. त्यांचा सख्खा भाऊ कुंपणापलीकडे राहायचा. चिकूच्या सहा कलमांच्या ओळीवरून दोघांत कोर्टकचेरी चालू होती.

पुढे एकदा आप्पा आले ते पिस्तूल टेबलावर ठेवून बसले. चहा निवला. मग म्हणाले, "बंधू गेला माझा. पंधरा दिस झाले."

"आजारी होते?"

"दोन महिने. वैनीने मना बोलवायचा म्हटला तर तो बोलला, नको, त्याच्याकडे पिस्तूल हाय. मना कोणी सांगितलापण नाय. कुंपणाच्या पल्याड रडायला लागली तवा समजला."

काका म्हणाले, "लोक बोलतात आप्पा. गावात काही लपत नाही."

"लोकांपासून लपवायचा होता," आप्पा म्हणाले. "त्याला समजावा म्हणून तर घेतला होता."

* * *

एक सिक्युरिटी गार्ड होते. तारापूरच्या बाजूला एका पतपेढीच्या दारात उभे असायचे. मूळचे बिहारचे, नाव रामआसरे. त्यांच्याकडे बारा बोअरची दुनाळी, त्यांच्या वडिलांपासूनची. वर्षातून एकदा काकांकडे साफ करायला आणायचे. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली गेलेला.

काका नळीत ब्रश घालत होते तोवर रामआसरेंची नजर काचेखालच्या छोट्या पिस्तुलांच्या ट्रेकडे. "काकाजी, एक बार हाथ में लेके देखें?"

काकांनी त्यातलं एक रिकामं असल्याचं दोनदा तपासून दिलं. रामआसरेंनी ते तळहातावर ठेवलं, उलटंपालटं केलं. झटक्याचं विचारलं नाही, रेंजचं विचारलं नाही, किमतीचं तर नाहीच.

म्हणाले, "इतना छोटा! इसको लेके तो आदमी बैठ भी सकता है!"

चौदा वर्षं उभे होते ते.

* * *

निवडणुका लागल्या की लायसन्सवाल्यांना हत्यारं पोलीस स्टेशनला जमा करावी लागतात. ती रांग बघण्यासारखी असते! वर्षभर ज्यांनी बायकोलासुद्धा दिसू दिलं नाही, ते सगळे भर दुपारी पिशव्या घेऊन एकामागे एक उभे. काका मदतीला जायचे, मी बरोबर.

एकदा त्या रांगेत उमरोळीचे दोन मास्तर समोरासमोर आले. दोघेही रिटायर, दोघांनीही नंतर जमिनीच्या व्यवहारात हात घातलेला. जिवलग मित्र. दर रविवारी एकाच्या घरी जेवण, पुढच्या रविवारी दुसऱ्याच्या.

"अरे! तू इथे?"

"तू इथे?"

दोघांना इतकं हसू आलं की हवालदाराने दम दिला. मग पिशव्या उघडून तुलना सुरू.

"तुझं जाड आहे रे. पोटाला टोचत असेल."

"टोचतं. पण झटका नाही. तुझा?"

"माझं चपटं आहे. दिसत नाही, पण मनगट उतरवतं."

"कधीपासून आहे?"

"पाच वर्षं झाली. तुझं?"

"सहा. सारखंच जवळ असतं. कुठे ठेवून जायची भीती वाटते."

रांग चार पावलं सरकली. मग पहिल्या मास्तरांनी विचारलं, "म्हणजे रविवारी आमच्याकडे जेवायला यायचास तेव्हापण..."

दुसऱ्यांनी पिशवीचं तोंड आवळलं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आणि तू?"

पुढचा रविवार कुणाच्या घरी होता मला माहीत नाही. पण निकालानंतर हत्यारं परत न्यायला दोघे वेगवेगळ्या दिवशी आले.

* * *

बेटेगावला दवाखाना चालवणाऱ्या एक डॉक्टरबाई होत्या. शांत, नीटनेटक्या. दवाखान्यात कुणीतरी तोडफोड केली होती, तेव्हा अर्ज केलेला. लायसन्स यायला वर्ष गेलं. पर्स घेऊनच आल्या. स्टेथोस्कोप, डबा, छत्री, आणि या सगळ्यात बसेल असं पाहिजे.

"मॅडम, पर्समधलं काढेपर्यंत समोरचा डबा खाऊन जाईल!" काका म्हणाले. बाई मोकळेपणी हसल्या.

काकांनी बावीस बोअरचं हलकं रिव्हॉल्व्हर दिलं. याला झटका जवळजवळ नाहीच, लहान मुलीलाही झेपेल म्हणाले. रेंजवर बाईंनी एक गोळी मारली आणि तोंड वाकडं करून हात खाली घेतला.

काका जवळ गेले. "एवढ्याशा झटक्याने दुखायला नको. मनगट कधी मोडलं होतं का?"

"तीनदा," बाई म्हणाल्या.

"पडलात?"

बाई टार्गेटकडे बघत राहिल्या. "नाही."

काकांनी रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातातून अलगद घेतलं, रिकामं केलं. मग काकांनी विचारलं, "मॅडम, हे घरी नेल्यावर आधी कुणाच्या हाताला लागेल?"

बाईंनी खरंच विचार केला. पेशंटला उत्तर देताना करतात तसा. "ह्यांच्या," म्हणाल्या.

विक्री झाली नाही. काकांनी मला त्यांच्याबरोबर बोईसरपर्यंत पाठवलं. रिक्षात त्या एकच वाक्य बोलल्या, "नाशिकला माझी बहीण असते." मी म्हटलं, "मग जा ना!" त्या म्हणाल्या, "पेशंट आहेत."

महिन्याभराने दवाखान्याच्या दारावर कागद लागला, डॉक्टर बाहेरगावी आहेत म्हणून. तो कागद दोन पावसाळे तिथेच होता. काका बेटेगावावरून जाताना रिक्षा थांबवायला लावायचे आणि कागद अजून आहे का बघायचे. असला की खूश!

* * *

आणि हा सातपाटीचा. काका असतानाचा हा शेवटच्या वर्षातला.

लायसन्सवाला वारला की घरच्यांनी हत्यार पोलिसांकडे नाहीतर दुकानात जमा करायचं असतं. त्या दिवशी एक बाई आल्या. साठीच्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. नवरा मासळीचा व्यापारी. मुंबईच्या ससून डॉकवरून येताना त्यांना एकदा रस्त्यात लुटलं होतं, तेव्हा त्यांनी पिस्तूल घेतलेलं. अकरा वर्षं रोज कमरेला. हार्ट अटॅकने गेले. बाई घरी शिवणकाम करायच्या. पिस्तूल ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून आणलं होतं.

काका कुठलंही हत्यार खोलून बघितल्याशिवाय रजिस्टरला घेत नसत. त्यांनी ते खोललं, दिव्याखाली धरलं आणि माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, याची पिन कुठे आहे?"

पिन म्हणजे आतली बारीक सळई. ती काडतुसाच्या बुडावर आपटते तेव्हा गोळी सुटते. ती नसेल तर पिस्तूल म्हणजे नुसतं लोखंड.

"मीच काढली," बाई म्हणाल्या. "घेतला त्याच महिन्यात. दुपारचे झोपले होते. शिलाई मशीन मी सगळी खोलते, हा काय मोठा हाय? काढली आन् खाडीत टाकली."

"अहो, पण का?"

"लय रागीट माणूस. रागात कोणाला मारला असता तर मंग मी काय केला असता?"

काका खुर्चीत मागे टेकले. "अकरा वर्षं हा माणूस पैसे घेऊन जायचा, यायचा... आणि कमरेला हे? वहिनी, वेळ आली असती तर? त्यांना कळलंच नाही?"

बाईंनी ब्लाउजपीसची घडी घातली. आणखी एक घडी घातली.

"कळला ना. पैल्याच दसऱ्याला. पूजेला खोलून पुसायला बसले. मी चुलीकडे उभी."

"मग? काय बोलले?"

"काय नाय बोलले. माझ्याकडे बगितला. मंग परत जोडला, हळद-कुंकू लावला, आन् कमरेला लावून बाजाराला गेले."