धूमकेतू, चष्मा आणि पुन्हाताई

पुन्हाताईचं खरं नाव गल्लीत कुणाच्या लक्षात नाही. दाराला कुलूप लावायचं, जिना उतरायचा आणि पुन्हा वर येऊन कुलूप ओढून बघायचं, हा तिचा रोजचा व्यायाम. त्यावरून गल्लीने नाव पाडलं. ते तिच्या कचेरीपर्यंत कसं पोचलं हे विचारू नका. गल्लीची तोंडं काही शिवलेली नाहीत.

कचेरी म्हणजे नियंत्रण कक्ष. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या क्ष-किरण दुर्बिणीला कुठे बघायचं ते सांगायचं, ही ताईची नोकरी. वर्षानुवर्षं तिने दुर्बिणीला क्ष-किरण ओकणारे तारे दाखवले. तारे बिचारे सरळमार्गी. जागा एकदा कळवली की बसले तिथेच.

यंदा मात्र धूमकेतू आला. सूर्याकडून सुटलेले कण त्याच्या वायूवर आदळले की तोही क्ष-किरण सोडतो. पण हा पठ्ठ्या दिवसागणिक सूर्याच्या बाजूला सरकत होता, आणि सूर्याच्या फार जवळ बघायची दुर्बिणीला सक्त मनाई, डोळाच जायचा. म्हणून आजची दुपार शेवटची.

सकाळी सगळी तयारी करून ताई घरी जेवायला आली. नवरा टीव्हीवर चष्मा चाचपत होता.

"काल इथेच होता गं."

"कालच्या जागी आज शोधताय? धन्य आहे! तो काय एका जागी बसून..."

ताईने हातातला घास ताटात टाकला.

धूमकेतूची तिने एकच जागा कळवली होती. ताऱ्याची कळवावी तशी! त्याला तर ठरावीक वेळाने नवी जागा द्यायला हवी. कक्षाची रीत अशी, की एकाने आकडे मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने "जुळलं" म्हणायचं. तिने वाचले, सहकारी जुळलंराव जुळलं म्हणाला. आकडे बरोबरच होते. पण थोड्याच वेळात दुर्बीण रिकाम्या आभाळाकडे टक लावून बसणार होती.

"अगं, ताट!" नवरा ओरडेपर्यंत ताई रस्त्यावर होती.

वाटेत जुनी गोष्ट आठवली. मागे तिच्या एका शंकेपायी तारा बघायची वेळ वाया गेली, शंका खोटी निघाली, आणि साहेबांनी बजावलं होतं, "आणखी एकदा असं झालं, तर ही खुर्ची दुसऱ्याची."

धापा टाकत ती कक्षात शिरली. दुर्बीण संपर्कात आली होती; काही मिनिटांत क्षितिजाखाली गेली की आज्ञा पोचणार नव्हती.

"साहेब, सकाळची आज्ञा थांबवा. पुन्हा बघायला हवं."

"ताई, परत तेच?"

"या वेळी शंका नाही. चूक आहे, आणि माझी आहे."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "वाचा."

ताई एकेक नवी जागा वाचू लागली. जुळलंराव आता घाम पुसत प्रत्येक आकडा पडद्यावर बोटाने धरत होता. शेवटच्या जागेला तो अडला.

"ही नाही जुळत. सूर्याच्या हद्दीला टेकतेय."

"गाळा ती," ताई म्हणाली. "डोळा राहिला तर सगळं राहिलं."

आज्ञा सुटली. पोचल्याची खूण यायच्या आत दुर्बीण क्षितिजाखाली गेली.

मग नुसतं बसणं. ताई खुर्चीच्या कडेवर टेकली होती, जणू खुर्ची आधीच दुसऱ्याची झाली होती. चहा निवला, कुणी हात लावला नाही.

संध्याकाळी दुर्बीण वर आली. पडद्यावर ठिपके जमू लागले आणि हळूहळू त्यांची धूसर कोर झाली, सूर्याच्या बाजूला फुगलेली.

"जुळलं," जुळलंराव पुटपुटला.

साहेबांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "नीट टेकून बसा, ताई. आणि उद्यापासून मलाही पुन्हा विचारत चला."

घरी आली तर दार सताड उघडं आणि उंबऱ्यात, नाकावर चष्मा चढवून, नवरा पहाऱ्याला.

"कुलूप घेऊन गेलीस ना गं! दार उघडं टाकून बाहेर जायचं कसं? दुपारपासून अडकलोय. आणि आज एकदाही बघायला आली नाहीस?"

ताईने पर्स उघडली. कुलूप आत होतं. तिने ते पुन्हा एकदा ओढून पाहिलं.