थेंबमावशीचा बिनपिठाचा मसाला

थेंबमावशीचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता, आणि ती औषधाच्या दुकानात छोट्या बाटलीत मिळायची. टिंक्चर आयोडीन. लोक ते खरचटल्यावर लावतात. मावशीनं ते उभा जन्म मसाल्यांवर टाकलं. पूड भरणाऱ्या एका कारखान्याच्या तपासणी-खोलीत तिची नोकरी होती. मिरचीपूड आली, टाक थेंब. लसूणपूड आली, टाक थेंब. थेंब तपकिरी राहिला तर माल चोख. काळानिळा झाला तर कुणीतरी पीठ मिसळलंय. तिथल्या मुलींनी ठेवलेलं नाव तिच्या मागोमाग गल्लीत आलं आणि खरं नाव पेन्शनच्या कागदांपुरतं उरलं.

कारखाना सुटला, पण थेंब काही सुटला नाही. दूध, दही, दुकानातली पनीरची वडी, शेजारणीनं कौतुकानं दिलेलं सूप, काहीही त्यातून वाचायचं नाही. शेजारीण रुसली. मावशी म्हणाली, "रुसू दे. पोटात काही नसेल तर थेंबाला कशाला घाबरायचं?" अशा बाईशी संसार करायचा म्हणजे रोज दारात उभं राहून खिसे उलटे करून दाखवायचे. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे सगळ्यांच्या ड्रायव्हरसाहेबांनी, तो हसत-हसत केला. शहरभर बस चालवलेला माणूस. त्याला हॉर्नची सवय असते.

पण मागच्या वर्षी साखरेपायी ड्रायव्हरसाहेबांच्या डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला. डॉक्टरीणबाई पट्टी बांधता-बांधता म्हणाल्या, "पुढच्या वेळी अंगठ्यावर भागायचं नाही हं. पाऊल जाईल." घाबरणं मावशीला कधी जमलं नव्हतं. संशय घेणं जमत होतं, म्हणून ती तेच दुप्पट करू लागली.

घरातून ब्रेड गेला, बटाटा गेला, साखरेचा डबा तर शेजारणीकडेच गेला. ताटात राहिली उकडलेली फुलकोबी, अंडी आणि मशरूम. ड्रायव्हरसाहेब चार घास खायचे आणि काटा खाली ठेवायचे.

"अगं, उशीतला कापूस खाल्ल्यासारखं वाटतंय."

दुसऱ्या गावी राहणाऱ्या लेकीला बापाची दया आली आणि तिनं इटालियन मसाल्याचं पाकीट पाठवलं. मावशीनं चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचली. साखर. माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे साखरेचीच चुलतबहीण. शिवाय गुठळ्या होऊ नयेत म्हणून स्टार्च. वाचून झाल्यावर थेंबही टाकला, कारण छापलेल्यावरही तिचा भरवसा नव्हता. काळाकुट्ट डाग पडला. तिनं तसाच फोन उचलला.

"बापाच्या जिवावर उठलीस का गं?"

"आई, चिमूटभर मसाल्यानं काय होणार आहे?"

"चिमटी-चिमटीनंच अंगठा गेला," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

पण वास तिच्या नाकात बसला होता. तीस वर्षं पुडींत काढलेलं नाक ते. त्याला कळलं की ह्या वासानं कापूससुद्धा खाली उतरेल. तिनं खिडकीच्या कठड्यावर कुंड्या मांडल्या. ओरेगॅनो, बेसिल, थाइम आणि आपल्याच तोऱ्यात वाढणारी रोझमेरी. पानं उन्हात वाळवली की रंग राहत नाही आणि वासही उडतो, म्हणून मागच्या खोलीत जुन्या मलमलीवर, प्रत्येक पान वेगळं, सावलीत. मुठीत धरल्यावर कुरकुरीत चुरा झाला की वाळलं, नाहीतर परत मलमलीवर. ओरेगॅनो सगळ्यांत जास्त, बेसिल त्याच्या निम्मं, थाइम बेतानं. रोझमेरीच्या सुया टणक, त्या कात्रीनं कापून मग कुटायच्या. लसणाच्या पातळ चकत्या मंद आचेवर कोरड्या करून त्यांची भरड. थोडी सुकी लाल मिरची, बियांसकट. कांद्याची पूड मात्र तिनं उंबरठ्याबाहेरच ठेवली. "गोडबोल्या असतो कांदा," ती म्हणायची. "डोळ्यांत पाणी आणून साखर आत सोडतो."

गुठळ्यांवरही तिचा इलाज होता. मीठ ओल ओढतं, म्हणून मीठ बरणीत घालायचंच नाही. ज्याला हवं त्यानं ताटात घ्यावं. मग पिठाची गरजच काय? थेंब टाकला. तपकिरीचा तपकिरी. मावशीनं बरणीचं झाकण असं लावलं की जणू तिजोरीच बंद केली.

त्या दिवशी लोण्यात परतलेल्या अंड्यांवर ड्रायव्हरसाहेबांनी तो मसाला भुरभुरवला आणि डोळे मिटून घेतले. "आज जेवलो गं," ते म्हणाले. मावशी ओट्याकडे तोंड करून उभी राहिली, कारण तिला रडू आलं होतं आणि ते दाखवायचं नव्हतं. सगळ्या घराला रोझमेरीचा आणि लसणाचा वास लागला. पडद्यांना, उशांना, तिच्या केसांनासुद्धा.

असं सगळं नीट चाललेलं असताना साखर चढू लागली. सकाळी बोट टोचून बघायचं यंत्र होतं, त्यातला आकडा आधी थोडा सरकला, मग बराच. मावशीनं ताट तपासलं. ताट चोख. मसाला तपासला. मसालाही चोख. मग बाहेर! खाली कोपऱ्यावर बेकरी होती. मावशी तडक तिथं गेली.

"आमचे हे येतात का इथं?"

"येतात की," बेकरीवाला म्हणाला. "उभे राहतात, वास घेतात आणि जातात. गेले काही दिवस तेही नाही."

"वासानं साखर चढत नसते."

"मावशी, मी आता वासाचे पैसे घेऊ का?"

बेकरीवाला हसला म्हणजे मिळालेला आहे, असं मावशीनं धरून टाकलं. एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की सगळंच पुरावा दिसतं. ड्रायव्हरसाहेब फिरायला जाऊन लवकर परत येऊ लागले. म्हणजे फिरत नाहीत, कोपऱ्यावरूनच वळतात. न्हाणीघरात कडी लावून बराच वेळ बसू लागले. म्हणजे आत बसून खातात. घरात मोजे घालू लागले. "गारठा वाटतो," म्हणाले. आणि ज्या माणसानं जन्मात हातरुमाल पिळला नाही, तो आपले मोजे आपण धुऊ लागला! म्हणजे मस्का. मावशी त्यांचे खिसे झटकायची, निघेल त्या चुऱ्यावर थेंब टाकायची. डाग पडायचा नाही. त्यानं तिचा संशय कमी झाला नाही, उलट वाढला. हा माणूस ताकास तूर लागू देत नाही, एवढाच त्याचा अर्थ तिनं काढला.

"खाल्लात ना पाव? खरं सांगा."

"नाही गं."

"मग आकडा काय हवा खाऊन चढला?"

ड्रायव्हरसाहेब आधी असल्या प्रश्नावर विनोद करायचे. आता नुसते खिडकीबाहेर बघायचे. तेही तिनं पुराव्यात धरलं.

मग मसाल्याची नवी खेप झाली. सकाळची वेळ, टेबलावर मलमल, चाळणी, बरणी. मावशीनं सवयीनं चिमूटभर मसाला बशीत घेऊन थेंब टाकला. डाग नव्हता, पण थेंब तिला आवडला नाही. आयोडीन कसं दाट हवं. हा पाणचट चहासारखा पसरला. तपासणी-खोलीतली जुनी रीत होती, की मालाबद्दल शंका आली की आधी बाटलीवर शंका घ्यायची. शेजारणीकडून ती एक बटाटा मागून घेऊन आली, कापला, आणि फोडीवर थेंब टाकला. कोळशासारखा डाग पडायला हवा होता. पडला तो फिकट जांभळा. तिनं बाटली उजेडात धरली. गळ्यापर्यंत भरलेली होती, रोज वापरूनही.

बाटलीत पाणी घातलं होतं.

मावशीच्या डोक्यात सगळं एका क्षणात जुळलं. खिशातल्या चुऱ्यावर डाग पडू नये म्हणून! तिचाच थेंब, आणि तिलाच आंधळं केलं. तिला राग आलाच, पण त्याहून जास्त अपमान वाटला. आणि थोडी विजयाची ऊबही वाटली, कारण गेला महिनाभर ती म्हणत होती ते शेवटी खरं निघालं होतं. तिनं बटाट्याची फोड आणि बाटली उचलली आणि ड्रायव्हरसाहेबांच्या पुढ्यात ठेवली. ते वर्तमानपत्र वाचत होते.

"ह्यात पाणी कुणी घातलं?"

त्यांनी फोडीकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. "मी."

"कुठे खाता पाव? त्या हसऱ्याकडेच ना?"

"पाव नाही खात."

"मग पाणी कशाला घातलंत? खिशातल्या चुऱ्यावर डाग पडू नये म्हणूनच ना?"

"नाही," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "बाटली कमी झालेली तुला कळू नये म्हणून."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, वाकले आणि डाव्या पायातला मोजा हळूहळू उतरवला. तळव्याला, जिथं अंगठा असायचा त्याच्या खाली, नाण्याएवढी जखम होती. कडा पांढऱ्या, मध्ये ओली, आणि भोवतालची कातडी पार घोट्यापर्यंत तपकिरी. मावशीला तो रंग ओळखायला चष्मा लागला नाही. एवढा मसाल्याचा दरवळ होता घरात, तरी आता जवळून तिला दुसरा वास आला. इतके दिवस ज्या नाकाची ती फुशारकी मारत होती, त्याला तो आला नव्हता.

"नवा बूट घासला," ते म्हणाले. "फोड आला, फुटला. रोज लावत होतो. वाटलं, बरं झालं की दाखवीन."

"आणि मला सांगायला काय झालं होतं हो?"

"तू म्हणाली असतीस, पाव खाल्लात." ते सहज म्हणाले, तक्रार नव्हती. "मग आकडा चढला. मग तर तोंड उघडायची सोयच राहिली नाही."

मावशीनं बशीतला मसाला, मलमल, उघडी बरणी सगळं तसंच टाकलं. रिक्षात तिनं त्यांचा पाय आपल्या मांडीवर घेतला होता, आणि रिक्षावाला आरशातून बघत होता, तर बघू दे म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी जखम दाबून पाहिली, मग काडीनं खोली मोजली. मावशीनं न राहवून विचारलं, "आकडा कशानं चढला हो? हे म्हणतात, काही खाल्लं नाही."

"खायला कशाला हवं? जखम चिघळली की साखर आपोआप चढते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता मला एकच सांगा, हे कधीपासून आहे? किती आत गेलं असेल ते त्यावरून कळेल. पाऊल वाचवायचं तर आजच सर्जनना बोलवावं लागेल."

ड्रायव्हरसाहेबांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं नाही. त्यांनी आधी मावशीकडे पाहिलं, आणि मग म्हणाले, "झाले असतील दोन-तीन दिवस."

"नाही," मावशी म्हणाली. "हे घरात मोजे घालायला लागले तेव्हापासून. महिना झाला."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "महिना? अहो, मग तुम्ही बघत नव्हता का?"

"बघत होते," मावशी म्हणाली. "ताट बघत होते."