टॉवरकडे पाठ
सुक्या बोंबलांचा वास आला की तारापूरजवळच्या एका बंद कारखान्याचा कूलिंग टॉवर आठवतो. तो स्फोटकांनी पाडला त्या सकाळी मी बातमीसाठी गेलो होतो. शेजारी कारखान्याचे एक निवृत्त अधिकारी आणि एक म्हातारी कोळीण उभी होती. टॉवरचे तुषार वर्षानुवर्षं तिच्या वाळत घातलेल्या बोंबलांवर पडत आणि माल कुजे. तक्रारीला याच अधिकाऱ्यांचं उत्तर ठरलेलं असे, वारा फिरला की सुकतील. टॉवर धुळीत बसला तेव्हा म्हातारी त्याच्याकडे पाठ करून अधिकाऱ्यांकडेच पाहत होती. त्यांचे डोळे भरले. "पुसू नका, सायेब," ती शांतपणे म्हणाली, "वारा फिरला का सुकतील." बातमीत मी टॉवरची उंची दिली, कोसळायला लागलेले सेकंद दिले. तिचं वाक्य मीच गाळलं. आज वाटतं, मथळा तोच होता.