पासपोर्टाचा पाहुणा

नातीने सगळ्या घराची परदेशी बोटीची सहल ठरवली आहे. परवा तिने माझा पासपोर्ट मागितला. मी ट्रंकेच्या तळातून काढून दिला. तिने पानं उलटली आणि म्हणाली, "आजी, हा बाद होऊन जमाना झाला. आणि यावर एक शिक्का नाही."

नाहीच. तो वापरायचं राहून गेलं.

एकोणीसशे सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आम्ही काष्टीजवळ मळ्यात राहायचो. माझे थोरले दीर आफ्रिकेत, मोंबासाच्या बंदरावर कारकून. गेले ते परत आले नव्हते. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, दिसायचं कमी व्हायला लागलं, तशी दिरांनी चिठ्ठी पाठवली. आईला दिसतंय तोवर तिला घेऊन सगळेच या, मुंबईहून बोट सुटते.

सगळे म्हणजे आत्याबाई, माझे मालक, मी आणि लग्नाची नणंद. मालकांनी चौघांचे अर्ज भरले, फोटो काढवले, पिवळ्या तापाची लस कुठे टोचतात तेही विचारून ठेवलं. मला म्हणाले, "आता नगरहून पोलीस येईल चौकशीला. साध्या कपड्यात येतात म्हणे. विचारेल ते सरळ सांग."

मी मान हलवली. मी मॅट्रिक झालेली असल्यामुळे दुसऱ्याचं ऐकण्याची मला फारशी गरज पडत नसे. शिवाय डोक्यात बोट होती. काष्टीच्या बाजारात भाजी घेता घेता मी बायकांना बोटीचे मजले समजावून सांगायची. मी तोवर होडीतही बसले नव्हते.

त्यातच नणंदेला नगरचं एक स्थळ सांगून आलं. आमच्याकडे पाहुणे मुलगी बघायला येण्याआधी एखादा माणूस असाच येऊन माग काढून जातो. घरदार, विहिरीचं पाणी, मुलीचा स्वभाव, भावजयीचं तोंड. तो कोण ते सांगत नाही, आणि चहापाणी होईपर्यंत आपणही विचारायचं नाही. विचारलं तर घराला वळण नाही असं होतं.

तर एका दुपारी सायकलवरून एक गृहस्थ आले. पांढरा सदरा, काखेत पिशवी. "नगरहून आलो," म्हणाले. मी लगेच ओळखलं. पाणी दिलं, नणंदेला खुणेनं पोहे टाकायला आणि पातळ बदलायला सांगितलं.

"घरात कोण कोण असतं?"

मी सांगितलं.

"किती वर्षं राहता इथं?"

"पिढ्यान्‌पिढ्या. विहीर बारमाही आहे आमची."

विहिरीचं त्यांना काय करायचं होतं कोण जाणे, पण त्यांनी मान डोलावली. "कुणावर खटला, काही भानगड?"

"आमच्यात कुणी मोठ्यानं बोलतसुद्धा नाही."

नणंद पोहे घेऊन आली, खाली मान घालून उभी राहिली. मी म्हटलं, "हिच्या हातचे आहेत." त्यांनी खाल्ले, चांगले झाले म्हणाले. मग विचारलं, "बोटीनं बाहेर निघालात ना तुम्ही सगळे?"

मुलगी समुद्रापलीकडे चाललीय म्हटल्यावर स्थळ हातचं जाणार.

"छे हो, लोक काहीही उठवतात," मी म्हटलं. "मला बैलगाडी लागते, मी बोटीत काय बसणार? आणि या पोरीला मारुतीच्या पारापलीकडचं जग माहीत नाही."

"म्हणजे तुम्ही दोघी जाणार नाही?"

"मुळीच नाही. हवं तर लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं. पाहुणे कधी काही लिहून घेत नाहीत, हे मॅट्रिकच्या अभ्यासात नव्हतं.

संध्याकाळी आत्याबाई घासाचा भारा टाकून म्हणाल्या, "त्यो पोलीस बांधावर भेटला व्हता."

"कोणता पोलीस?"

"सायकलवाला. तुझ्याकडं पोहे खाऊन आल्ता की. मला म्हनला, आजी, कुटं जायचंय? म्हनलं, मला थोरल्याकडं जायचंय, धाकटा नेतोय. बोटीनं."

"पण तो पोलीस, हे तुम्हाला कसं कळलं?"

"आगं, म्या इचारलं, कोन रं बाबा तू. त्यानं सांगितलं."

पुढे टपालाने दोन पासपोर्ट आले, मालकांचा आणि आत्याबाईंचा. मालक नगरला जाऊन आले. रागावले नाहीत. चपला काढता काढता एवढंच म्हणाले, "पोहे चांगले झाले होते म्हणे."

आमची चौकशी पुन्हा होणार होती, पण कधी ते कुणी सांगेना. पुढची बोट धरावी का, असा मालकांचा विचार चालला होता. मी त्याला जमेल तेवढी हवा घालत होते. आत्याबाई चुलीपुढे बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "तुमी थांबा म्हनलं तर मी थांबंल. माझं डोळं थांबायचं न्हाईत."

दुसऱ्या दिवशी मालकांनी दोन तिकिटं काढली. दोघं गेली. मी आणि नणंद म्हशींपाशी राहिलो. बाजारात बायका विचारायच्या, अगं, तू कशी गं मागे राहिलीस? मी म्हणायची, मला लागते बोट. आमचे पासपोर्ट आले तोवर बोट कधीच निघून गेली होती. नगरचे पाहुणे तर आलेच नाहीत.

आत्याबाई परतल्या त्या दिवशी मी पाय चेपता चेपता विचारलं, "बोट कशी होती?"

"लई हालती."

"आणि भाऊजी?"

"केस पिकल्यात त्याचं," म्हणाल्या. "दिसलं मला."

पुढच्या वर्षी त्या मलाही आवाजावरूनच ओळखायला लागल्या.

आता नात म्हणते, आजी, नवा पासपोर्ट काढू, पोलीस घरी येईल, तू नुसती सही कर. मी तिला सांगून ठेवलंय, दार मीच उघडणार. आधी कोण ते विचारणार. पाणी नंतर.